रुळांची देखभाल आणि जुनी डिझेल इंजिने कॅमेऱ्यात कशी टिपावीत

कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले आणि गोव्यातून धडधडत जाणारे डिझेल इंजिन ही रोजची गोष्ट राहिली नाही. म्हणून घराजवळच्या स्थानकात जे डिझेल इंजिन दिसेल त्याचे छायाचित्र त्याच दिवशी घ्यावे, आणि त्याच फेरीत रुळांवर राबणाऱ्या ट्रॅकमनांचेही घ्यावे. इंजिनाचे फोटो पुष्कळ जण काढतात. ज्या खडीवर ते इंजिन उभे असते ती खडी जागेवर ठेवणाऱ्यांकडे मात्र सहसा कोणी कॅमेरा वळवत नाही.

उभे राहायचे ते फलाटावर, पादचारी पुलावर किंवा बंद फाटकाच्या बाहेर. रुळांवरून चालत दूधसागर गाठण्याचा सल्ला अजूनही दिला जातो आणि तो अत्यंत वाईट आहे. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. बोगद्यात समोरून गाडी आली तर या शिक्षेची वेळसुद्धा येत नाही. स्थानकात गेल्यावर आधी स्टेशन मास्तरांना भेटून काय टिपायचे आहे ते सांगावे. दाभोळीला नौदलाचा आयएनएस हंसा तळ लागूनच असल्यामुळे तेथे कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा, आणि ड्रोनचा विचार कोठेच करू नये. पुलावरून मोनोपॉड किंवा सेल्फी स्टिक कठड्याबाहेर काढू नये, कारण खालच्या तारेत २५,००० व्होल्टची वीज असते.

काम केव्हा चालेल हे ब्लॉकवर, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या थांबवून राखलेल्या वेळेवर, ठरते. गाड्यांच्या वेळांवर परिणाम होणार असेल तर ब्लॉकची सूचना वर्तमानपत्रांत येते. तेवढे वाचले की पुरे.

खरी अडचण येथून पुढे आहे. ब्लॉक बहुधा भर दिवसा, अकरा ते तीनच्या दरम्यान मिळतो. सकाळच्या कोवळ्या उन्हातच फोटो काढा असे सांगणाऱ्यांनी रुळांचे काम कधी पाहिलेले नसते. उन्हाने खडी तापते, तिच्यालगतची हवा तापून विरळ होते, आणि त्या हवेतून येणारा प्रकाश वेडावाकडा होऊन भिंगापर्यंत पोहोचतो. डोळ्यांना नुसती झळ दिसते, पण ३०० मिलिमीटरच्या लेन्समधून दोनशे मीटरवरचा ट्रॅकमन पाण्याखाली उभा असल्यासारखा दिसतो. पहिली दोन वर्षे माझे सगळे फोटो असेच आले. लेन्स बिघडली असे समजून मी ती दुरुस्तीला दिली. दुकानदाराने पैसे घेऊन ती साफ करून परत केली आणि पुढच्या ब्लॉकला तोच रूळ तसाच थरथरत होता.

या झळेवर यंत्राचा इलाज नाही, हे पक्के लक्षात ठेवावे. शटरचा वेग वाढवल्याने वाकडी झालेली कड सरळ होत नाही, ती वाकडीच गोठते; महाग लेन्स तीच वाकडी कड अधिक स्पष्ट दाखवते; संगणकावर धार वाढवली तर चेहऱ्यांवर सुरकुत्या उमटतात. इलाज फक्त जागेचा आहे. फलाटाच्या कडेशी बसून रुळांच्या पातळीवरून फोटो घ्यावा, म्हणजे तो भारदस्त येतो, असे सांगतात. दुपारी हाच सल्ला सर्वांत जास्त नुकसान करतो, कारण नजरेची रेषा तापलेल्या थरातून लांबवर सरपटत जाते. त्याऐवजी पादचारी पुलावर चढावे आणि काम जवळजवळ पायाखाली येईपर्यंत थांबावे. मडगावच्या पुलावरून तिरपे खाली पाहिले की नजर त्या थराला थोडक्यात भेदते, आणि ८५ मिलिमीटरच्या लेन्सने मुकादमाच्या हातातल्या, रुळांमधले अंतर मोजायच्या गेजवरच्या खुणासुद्धा मोजता येतात. मात्र कॅमेऱ्यासमोर फलाटाच्या छपराचा तापलेला पत्रा येऊ देऊ नये, कारण पत्र्याची झळ खडीपेक्षा वाईट असते. हे कळायला मला आणखी एक हंगाम लागला.

लांबूनच टिपणे भाग असेल तर पडद्यावर चित्र मोठे करून रुळाची कड पाहावी. ती वळवळत असेल तर थांबावे. ढगाची सावली पडली किंवा समुद्राकडून वारा सुटला की थरथर कमी होते. त्या वेळी हाताने फोकस लावून दहा-बारा फोटो सलग घ्यावेत, त्यांतले दोन-तीन स्वच्छ निघतात. पहिल्या पावसानंतर खडी थंड असते, आणि ढगाळ दिवशी केलेले काम हे माझ्या मते गोव्यातले सर्वांत चांगले छायाचित्र देते: धुतलेली काळी खडी, मागे कापलेल्या जांभ्याची लाल भिंत आणि त्यात ट्रॅकमनांची नारिंगी जाकिटे.

खडी ठासणारे पिवळे टॅम्पिंग यंत्र आले तर त्याच्या पोलादी बोटांवर लक्ष ठेवावे. यंत्र रूळ त्याखालच्या आडव्या स्लीपरसकट किंचित उचलते, बोटे स्लीपरच्या दोन्ही अंगांना खडीत घुसतात, सेकंदाला सुमारे ३५ वेळा कंप पावत खडी स्लीपरखाली दाबतात आणि वर येतात. शटर १/३० वर ठेवले की स्लीपर स्थिर राहतो आणि बोटे व धूळ हलती दिसतात. १/१००० वर हेच यंत्र बंद पडल्यासारखे दिसते.

डिझेल इंजिनासाठी मी घाटाच्या पायथ्याच्या कुळे स्थानकात जातो. तेथून कॅसलरॉकपर्यंत ३७ ला १ असा चढ आहे आणि घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने लावतात, त्यामुळे इंजिन उभे असताना निरखायला निवांत वेळ मिळतो. अमेरिकन अल्को कंपनीच्या आराखड्याचे, १६ सिलिंडरांचे आणि २६०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीएम-२ इंजिन भारतात १९६२ मध्ये आले आणि पुढे वाराणसीच्या कारखान्यात बनू लागले. या घराण्यातले इंजिन कोठेही सापडले तर गाडी सुटण्याच्या क्षणाला तयार राहावे. चालक नॉच, म्हणजे इंजिनाच्या शक्तीची पायरी, वाढवतो तेव्हा इंधन लगेच वाढते, पण टर्बोचार्जरला वेग घेऊन पुरेशी हवा द्यायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात धुराचा काळा लोट उठतो आणि विरतो. त्याच धुराच्या वाटेने गरम हवाही बाहेर पडते, म्हणून वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहावे, नाहीतर इंजिनाची मागची अर्धी बाजू पुन्हा थरथरते. समोरच्या दिव्यामुळे कॅमेरा फसतो आणि इंजिन काळे ठिक्कर येते. त्यासाठी त्याच उजेडातल्या करड्या खडीवर प्रकाशाची मोजणी करून ती हाताने कायम करावी.

निघण्यापूर्वी इंजिनाचा क्रमांक आणि त्याच्या अंगावर रंगवलेले, त्याची देखभाल करणाऱ्या शेडचे नाव वहीत लिहून घ्यावे. ट्रॅकमनांच्या फोटोंच्या छापील प्रती पुढच्या ब्लॉकला मुकादमाकडे द्याव्यात. मी दिलेली एक प्रत त्याने डब्याच्या पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवली होती, आणि यंत्र परत कोणत्या दिवशी येणार आहे हे त्यानेच मला पुलाखालून हाक मारून सांगितले.