कमरेच्या एमआरआयमध्ये स्नायूंतील चरबी कशी पाहावी

फोंड्याची माझी मावशी चतुर्थीनंतर एमआरआयचा मोठा लिफाफा घेऊन आली. रिपोर्टमध्ये मणक्यांमधल्या चकतीबद्दल आठ ओळी होत्या, कमरेच्या स्नायूंबद्दल एकही नव्हती. फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, तर मणक्यामागच्या काळ्या स्नायूंत चरबीचे पांढरे दोरे स्पष्ट दिसत होते. फिजिओथेरपीच्या कामात अशा फिल्म मी रोज पाहते. त्या कशा वाचायच्या, हे रुग्णालाही कळायला हवे असे मला मनापासून वाटते.

आधी एक गोष्ट. साध्या कंबरदुखीत लगेच एमआरआय लागत नाही, बहुतेक दुखणी काही आठवड्यांत उतरतात. पण लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद वेगाने कमी होत असेल, तर लगेच बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. ताप, पडल्याची दुखापत, आधी झालेला कर्करोग किंवा कारणाशिवाय उतरलेले वजन असेल, तरी डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका.

तपासणी झाली की फिल्मबरोबर सीडीही मागून घ्या. चित्रे पाहण्याचे सॉफ्टवेअर बहुधा सीडीतच असते. त्यात आडवे छेद शोधा, म्हणजे कंबर काकडीसारखी आडवी कापून दिसते ती चित्रे. त्यांत पोट वर असते, पाठ खाली, आणि तुमची डावी बाजू पडद्यावर उजवीकडे. बाजूच्या छोट्या उभ्या चित्रातली रेघ पाहून एल४-एल५ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली पातळी गाठा. चरबी बहुधा याच भागात आणि त्याच्या खाली जास्त जमते.

आता चित्र कोणत्या प्रकारचे आहे ते ओळखा. घाई इथेच नडते. मज्जारज्जूच्या नळीतले पाणी काळपट दिसले तर टी१, पांढरेशुभ्र दिसले तर टी२. नेहमीच्या टी१ आणि टी२ या दोन्हींत चरबी उजळ दिसते. खात्रीसाठी कातडीखालचा थर बघा, तो चरबीचाच असतो. तो थर काळा दिसत असेल, तर त्या चित्रात चरबीचा उजळपणा मुद्दाम दाबलेला आहे. ते बाजूला ठेवून दुसरे घ्या.

मणक्याचे मागचे टोक सापडले की त्याला दोन्ही बाजूंनी चिकटून असलेला स्नायू म्हणजे मल्टिफिडस. त्याच्या बाहेरचा मोठा गठ्ठा इरेक्टर स्पायनी. मणक्याच्या पुढे दोन्ही कडांना सोआस दिसतो. तो बहुतेकांत काळा राहतो, म्हणून तुलनेला चांगला.

मल्टिफिडसमध्ये पांढरे किती, याचा अंदाज डोळ्यांनीच करायचा. संशोधनात वापरली जाणारी एक ढोबळ प्रतवारी अशी: दहा टक्क्यांपर्यंत सौम्य, 10 ते 50 टक्के मध्यम, त्यापुढे तीव्र. डावे-उजवे ताडून पाहा. स्नायू आणि हाड यांच्या फटीतली चरबी यात मोजू नका. अचूक मापनासाठी डिक्सन पद्धत आहे, तिच्यात पाणी आणि चरबीचे संकेत वेगळे काढता येतात. रोजच्या उपचारात तिची गरज सहसा पडत नाही.

आता खरा प्रश्न: दुखते ते या चरबीमुळेच का? 2007 साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कच्या अभ्यासात चाळिशीच्या 81 टक्के लोकांत ही चरबी दिसली, तेरा वर्षांच्या मुलांत 14 टक्क्यांत. मोठ्यांत तिचा कंबरदुखीशी संबंध आढळला, मुलांत नाही. पण 81 टक्के म्हणजे जवळजवळ सगळेच! न दुखणाऱ्यांच्याही स्नायूंत ती असते. वयाबरोबर ती वाढते. शिवाय दुखणे आणि चरबी यांचे चक्र उलटेही फिरते. दुखले की मल्टिफिडस नीट काम करेनासा होतो, माणूस हालचाल टाळतो, स्नायू बारीक होतो आणि मोकळ्या झालेल्या जागेत चरबी भरते. नस दबली असली तरी तिच्यावर अवलंबून असलेल्या स्नायूत असेच घडते. म्हणून एका फिल्मवरून कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरत नाही.

डॉक्टरांकडे जाताना तीन प्रश्न लिहून न्या. स्नायूंतली चरबी माझ्या वयाच्या मानाने जास्त आहे का? एकाच बाजूला आहे का? तिथली नस दबली आहे का? मग फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या. पाठीवर झोपून कंबर उचलणे, हात-गुडघ्यांवर ओणवे होऊन एक हात पुढे आणि विरुद्ध बाजूचा पाय मागे लांब करणे, आणि रोज चालणे. कमीत कमी दोन-तीन महिने द्या. दुखणे थांबले म्हणून व्यायाम थांबवू नका, कारण दुखणे गेल्यावर हा स्नायू आपोआप पूर्ववत होतोच असे नाही. चरबी घटली का हे पाहायला पुन्हा एमआरआय करण्यात पैसे घालवू नका. चालणे, बसणे, उठणे किती सोपे झाले, तेच मोजा.

मावशी आदोळीवर, म्हणजे विळीवर, तासभर वाकून नारळ खोवायची. आता ती ओट्याला बसवलेल्या खोवणीवर उभ्याने खोवते, आणि सकाळी फोंड्याच्या बाजारात चालत जाते. लिफाफा कपाटात आहे.