गाडीच्या पुढच्या काचेला तडा गेला तर: दुरुस्ती, क्लेम आणि नवी काच

पुढच्या डंपरमधून खडी उडते, टक् असा आवाज येतो आणि काचेवर डाळीच्या दाण्याएवढा टवका दिसतो. गाडी चालतेय म्हणून बहुतेक जण तो तसाच सोडून देतात. मग एखाद्या दुपारी उन्हात तापलेल्या गाडीत एसी पूर्ण सोडला जातो आणि त्याच टवक्यातून वीतभर तडा धावतो. अर्ध्या तासात भरून निघणारं काम अख्खी काच बदलण्यावर जातं. म्हणून टवका छोटा असतानाच हालचाल करा.

पुढची काच म्हणजे काचेचे दोन थर आणि मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा साधारण पाऊण मिलिमीटरचा पापुद्रा. या पापुद्र्यामुळेच फुटलेली काच अंगावर कोसळत नाही, आणि बाहेरचाच थर दुखावला असेल तर ती दुरुस्तही होते. दारांच्या आणि मागच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड असतात. त्या फुटल्या की खडीसाखरेसारखा चुरा होतो आणि बदलण्यावाचून पर्याय नसतो.

टवका पडल्यावर लगेच

गाडी सुरक्षित जागी थांबवा आणि फोटो काढा: एक टवक्याचा जवळून, एक नंबर प्लेटसकट पूर्ण काचेचा. टवका कोरडा असेल तर त्यावर पारदर्शक चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा, मात्र ड्रायव्हरच्या नजरेसमोर नको. आत धूळ आणि पाणी गेलं की दुरुस्तीत भरायचं रेझिन, म्हणजे कडक होणारं पातळ द्रव्य, नीट बसत नाही, पट्टीचं काम तेवढंच.

फेव्हिक्विक किंवा नेलपॉलिश भरू नका. ते एकदा आत गेलं की खऱ्या दुरुस्तीची वाट बंद होते. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका, एसीचा झोत काचेवर सोडू नका, दारं आपटू नका. तडा ड्रायव्हरच्या नजरेसमोर येत असेल किंवा काच आत दबलेली असेल, तर गाडी चालवूच नका, टोइंग बोलवा.

भरता येईल की बदलावी लागेल?

गाडीत बसून टवक्याच्या जागी आतल्या बाजूने बोटाचं नख फिरवा. काच आतून गुळगुळीत लागली तर फक्त बाहेरचा थर गेलाय. खरखर लागली तर भरण्याचा विषयच संपला. त्याशिवाय टवका साधारण रुपयाच्या नाण्यात मावणारा हवा, काचेच्या कडेपासून किमान पाच सेंटीमीटर आत हवा आणि ड्रायव्हरच्या अगदी समोर नको. कडेच्या भागात काचेवर मुळातच ताण असतो, तिथला तडा थांबवला तरी पुन्हा सरकतो. गाडीला पुढे बघणारा कॅमेरा असेल तर त्याच्या समोरचा टवकाही भरत बसू नये.

दुरुस्तीत टवक्यातली हवा ओढून घेतात, दाबाने रेझिन सोडतात, अतिनील दिव्याखाली ते कडक करतात आणि वरचा उंचवटा ब्लेडने खरवडतात. पुसटसा डाग राहतो. तो राहणारच, कारण हेतू तडा थांबवण्याचा असतो. ‘काहीच दिसणार नाही’ असं सांगणाऱ्याच्या बोलण्यावर जाऊ नका.

क्लेमचा हिशेब आधी करा

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर काचेचे पैसे मिळत नाहीत. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत काचेवर घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, शून्य धरतात, त्यामुळे झिरो डेप (घसारा न कापण्याचं ॲड-ऑन) नसलं तरी काचेची किंमत कापली जात नाही. काचेभोवतीच्या रबरी बीडिंगवर मात्र 50 टक्के घसारा लागतो. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला ₹1,000 आणि त्यावरच्या गाडीला ₹2,000 ही सक्तीची वजावट आपल्या खिशातून जाते.

खरा फटका नो क्लेम बोनसला, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सुटीला बसतो. समजा ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा) हप्ता ₹8,000 आहे आणि तुमचा बोनस 50 टक्क्यांवर पोचलाय. क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला बोनस शून्य, मग पुढे क्लेम न केल्यास 20, 25, 35, 45 आणि पुन्हा 50. हप्ता तेवढाच धरला तर पाच वर्षांत गमावलेली सूट अशी: 4,000 + 2,400 + 2,000 + 1,200 + 400 = ₹10,000. म्हणजे ₹7,000 च्या काचेसाठी क्लेम करून हाती ₹6,000 यायचे आणि जायचे ₹10,000. साध्या हॅचबॅकची काच अनेकदा स्वतःच्या पैशांनी बदललेली परवडते. कॅमेरा असलेल्या महागड्या गाडीत, किंवा बोनस प्रोटेक्शनचं ॲड-ऑन घेतलं असेल तर, क्लेमच करावा.

क्लेम करायचा ठरला तर आधी कंपनीला कळवा, मगच काच काढू द्या. फोटो किंवा व्हिडिओवरही पाहणी होते, पण काढून टाकलेल्या काचेची पाहणी करायची कशी, यावरून दावे अडतात.

काच मागवताना

जुन्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातला शिक्का वाचा. उत्पादकाचं नाव, आयएसआय खूण आणि आयएस 2553 हा क्रमांक नव्या काचेवरही हवा. असाही इंडिया किंवा सेंट-गोबेन सेक्युरिट या कंपन्यांची काच शोरूमबाहेरही मिळते, ती कमी दर्जाची समजण्याचं कारण नाही. दुकानदाराला नुसतं मॉडेल सांगून भागत नाही. वर्ष, व्हेरियंट, रेन सेन्सर, कॅमेऱ्याचा ब्रॅकेट, आवाज अडवणारी अकूस्टिक काच, वरची रंगीत पट्टी, सगळं सांगा. ब्रॅकेट नसलेली काच आली की फिटर जुना ब्रॅकेट उखडून चिकटवतो आणि कॅमेरा वाकडा बसतो. नव्या काचेवर काळी फिल्म लावायचा मोह टाळा, पुढच्या काचेतून किमान 70 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे असा नियम आहे.

फिटिंग: इथे उभं राहून बघा

चांगली काच वाईट हाताने बसवली तर पहिल्याच पावसात गळते, आणि अपघातात त्याहून वाईट होतं. पुढच्या प्रवाशाची एअरबॅग उघडताना बऱ्याच गाड्यांत याच काचेचा आधार घेते. काच धरून ठेवतो तो पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा थर. म्हणून काम करून घेताना लक्ष पीयूवर ठेवा.

वायपर, काउल (वायपरखालचं प्लास्टिकचं झाकण), काचेच्या बाजूच्या खांबांच्या पट्ट्या आणि आरसा निघाल्यावर जुना पीयू तारेने किंवा पात्याने कापतात. डॅशबोर्डवर जाड कापड टाकायला सांगा, तार तिथेच घासते. काच निघाल्यावर चौकटीवरचा जुना पीयू एक-दोन मिलिमीटर ठेवून समतल छाटायचा असतो. पत्रा उघडा पडेपर्यंत खरवडला तर ते चूक, कारण नवा पीयू ताज्या कापलेल्या जुन्या पीयूला उत्तम धरतो. रंगावर ओरखडा पडला असेल तर तिथे प्रायमर लागलाच पाहिजे. तो ओरखडा सोडला की आत गंज धरतो, रंग फुगतो आणि थर पत्र्यापासून सुटतो. एक-दोन पावसाळ्यांनी गळती सुरू झाली की लोक काचेला दोष देतात, पण चूक त्या ओरखड्याची असते.

नव्या काचेची काळी कडा क्लीनरने पुसून त्यावर ॲक्टिव्हेटर आणि प्रायमर लावतात. पुसल्यावर त्या कडेला उघडं बोट लागू द्यायचं नाही. कोकणातल्या उकाड्यात फिटरच्या कपाळावरचा घामाचा एक थेंब तिथे पडला तरी तो भाग पुन्हा पुसावा लागतो. प्रायमर ट्यूबवर लिहिलेल्या वेळेइतका सुकू द्या.

पीयूच्या नळीवरची मुदतीची तारीख स्वतः वाचा. नोजलला व्ही आकाराची खाच असावी, म्हणजे त्रिकोणी, उंच आणि कुठेही न तुटलेली रेघ पडते. रेघ जिथे तुटते तिथूनच पाणी येतं. रेघ ओढल्यावर साधारण दहा मिनिटांत, सक्शन कपने धरून काच बसवायला हवी, नाहीतर वर साय धरते. कुणी सिलिकॉन सीलंट काढला तर काम तिथेच थांबवा, त्यात काच धरून ठेवण्याची ताकद नसते.

ओम्नी, मारुती 800 किंवा जुन्या ट्रकसारख्या गाड्यांत काच रबरी बीडिंगमध्ये बसते. तिथे पीयू नसतो, दोरी ओढून बीडिंगची कड आत घेतात. जुनं कडक झालेलं बीडिंग परत वापरू नका.

गाडी कधी हलवायची

एअरबॅगवाल्या गाडीला किती वेळ थांबायचं, ते पीयूच्या माहितीपत्रकात वेगळं दिलेलं असतं. काही पीयूला तासभर पुरतो, काहींना कित्येक तास लागतात. पीयू हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो, त्यामुळे विदर्भातल्या कोरड्या थंडीत तो मुंबईच्या दमट हवेपेक्षा हळू धरतो. लावतेवेळी मात्र चौकट कोरडीच हवी, भर पावसात उघड्यावर काम करू देऊ नका.

पहिले दोन दिवस दाराची एक काच बोटभर खाली ठेवा, म्हणजे दार लावताना आतल्या हवेचा दाब नव्या काचेवर येत नाही. काच जागेवर धरायला लावलेल्या चिकटपट्ट्या एक दिवस काढू नका, प्रेशर वॉश आणि खड्ड्यांचा रस्ता टाळा. त्यानंतर साध्या पाइपने वरच्या कोपऱ्यांवर पाणी सोडा आणि आत बसलेल्याला खांबांची पट्टी व पायाखालची मॅट चाचपायला सांगा. कॅमेरा असलेल्या गाडीत कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची नजर पुन्हा अचूक जुळवण्याचं काम, झाल्याचा रिपोर्ट मागा. तो नसेल तर लेन पाळणं आणि आपोआप ब्रेक लागणं यांवर भरवसा ठेवू नका.

जुन्या काचेवरचा फास्टॅग सोलून पुन्हा लावता येत नाही, सोलताना आतली अँटेना तुटते. काच काढण्याआधी त्याचा फोटो घ्या आणि ज्या बँकेचा टॅग आहे तिच्याकडूनच बदली टॅग मागवा, म्हणजे शिल्लक त्याच खात्यात राहते. तोवर टोलनाक्यावर जादा पैसे जातात, म्हणून काचेची ऑर्डर देता त्याच दिवशी टॅगची विनंतीही टाका. एचएसआरपीसोबत (हाय सिक्युरिटी नंबर प्लेटसोबत) काचेवर आतून लावलेला रंगीत स्टिकरही काचेबरोबर जातो. तो नंबर प्लेट बसवणाऱ्या अधिकृत कंपनीच्या पोर्टलवरून वेगळा मागवावा लागतो.