वांगाचे डाग अन् आपल्या इकडचं ऊन

कापूस वेचणाऱ्या, निंदणाऱ्या बायांच्या गालावर, कपाळावर जे तपकिरी डाग येतात त्याले वांग म्हणतात, अन् ऊन लागत राहिलं तर कोणतीच क्रीम कामाची नाही, म्हणून पहिले ऊन अडवा. वावरात जाताना जाड विणीचा गडद दुपट्टा अन् रुंद काठाची टोपी वापरा, घामानं ओला झालेला पातळ कपडा ऊन कमी अडवतो. सनस्क्रीन एसपीएफ (ऊन अडवायची ताकद सांगणारा आकडा) ३० च्या वरचं घ्या, दोन बोटांवर लांब पट्टी काढा तेवढं चेहरा-मानेला लागतं, घराबाहेर पडायच्या १५ मिनिटं आधी लावा अन् दर दोन तासांनी पुन्हा. रंगाची छटा असलेलं, आयर्न ऑक्साइडवालं (त्यातला रंग देणारा घटक) मिळालं तर वांगासाठी जास्त चांगलं.

लिंबू चोळून उन्हात जाऊ नका बाप्पा, कातडी भाजते अन् डाग अजून काळा पडतो.

सगळ्यात जास्त काळजी मले मेडिकलवाल्याले विचारून आणलेल्या ट्यूबची वाटते. मोमेटासोन, बेटामेथासोन लिहिलेलं असलं तर ते स्टेरॉइड आहे, पहिले चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, पुटकुळ्या येतात अन् बंद केलं की आग होते. माझ्या वहिनीचं असंच झालं, फार त्रास काढला तिनं.

अझेलिक अ‍ॅसिड, हायड्रोक्विनोन ही डाग फिके करायची औषधं त्वचेच्या डॉक्टरले दाखवूनच, नागपूर, यवतमाळ, अकोल्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात दाखवता येते. पोटुशी असाल किंवा पाळणा लांबवायच्या गोळ्या सुरू असतील तर ते आधी सांगा, त्यानंही वांग येतो. फरक दिसायले दोन-तीन महिने तरी लागतात.