पक्षीगणनेत या चुका टाळा: यादीतून चिमणी जाते कुठे?

फेब्रुवारीतली चार दिवसांची पक्षीगणना सुरू झाली की ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या संकेतस्थळावर, एका ठरावीक साच्याच्या याद्या येऊ लागतात. सकाळी सात ते आठ, गावाबाहेरचा तलाव, पक्षी पाच: चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, शराटी, खंड्या. कावळा नाही, साळुंकी नाही, पारवा नाही, चिमणी तर नाहीच. आणि खाली ‘ओळखू आलेले सगळे पक्षी नोंदवले का?’ या प्रश्नाला खुशाल ‘हो’. महाराष्ट्रातल्या तलावावर तासभर उभं राहूनही एक कावळा दिसला नाही, हे कुणाला पटेल?

एका टिकमार्कने काय बिघडतं ते बघा. ई-बर्डवरच्या याद्यांवरून ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल तयार होतो. 2023 च्या अहवालात तीस हजारांहून जास्त निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी वापरून 942 जातींचा आढावा घेतला होता. पक्षी वाढतोय की घटतोय हे त्यात डोकी मोजून ठरत नाही. शंभर पूर्ण (म्हणजे त्या प्रश्नाला ‘हो’ म्हटलेल्या) याद्यांपैकी कितींत तो आहे, यावरून काढतात. समजा वीस पूर्ण याद्या आहेत आणि त्यातल्या बारा जणांना चिमणी दिसली. प्रमाण 60 टक्के. त्यातल्या चौघांनी ‘चिमणी काय लिहायची’ म्हणून सोडून दिली, की ते 40 टक्क्यांवर आलं. चिमण्या तिथेच, तेवढ्याच. 2020 च्या अहवालात चिमणी देशभरात साधारण स्थिर, पण मोठ्या शहरांत घटतेय असं निघालं. ते निघालं ते चिमणी लिहायचा कंटाळा न करणाऱ्यांच्या जिवावर.

उपाय सोपा आहे. यादी सुरू केली की दुर्बीण डोळ्यांना लावायच्या आधी कावळा, पारवा, साळुंकी, चिमणी आजूबाजूला बघून आकड्यांसकट टाकून द्या. नंतर बदकांच्या नादात ते राहूनच जातं. फक्त बदकंच लिहायची असतील तर ‘नाही’ वर टिक करा, त्यात कमीपणा नाही. आणि एखादा वटवट्या ओळखता आला नाही म्हणून यादी अपूर्ण होत नाही; ‘पूर्ण’ म्हणजे *ओळखू आलेले* सगळे.

दुसरं दुखणं थव्यांचं. हिवाळ्यात उजनीच्या काठावर, भिगवणला जाऊन बघा. पहिली होडी रोहित पक्ष्यांच्या फार जवळ जाते, कारण फोटो हवा असतो. थवा उठतो, चारशे मीटरवर जाऊन बसतो. तिकडून येणारी दुसरी होडी तोच थवा नव्याने मोजते. तीनशेचे सहाशे झाले. वर एका होडीतले सहा जण घरी जाऊन सहा वेगळ्या याद्या टाकतात, आणि कुणाचे तीनशे, कुणाचे साडेतीनशे, कुणाचा नुसताच ‘एक्स’. एक्स म्हणजे ‘होते, मोजले नाहीत’. एकुलत्या एका पक्ष्यापुढे एक्स लिहिणाऱ्याला काय म्हणावं!

होडीत बसण्यापूर्वी काठावरूनच मोजा. डावीकडचा एखादा विजेचा खांब किंवा पंपघर ही हद्द धरा, तिथून उजवीकडे सरका आणि मागे फिरू नका. आधी दहा पक्षी एकेक करून मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यात बसू द्या, मग दहा-दहाने पुढे जा. थवा हजारांत असेल तर शंभराचा तुकडा धरा. मोठा थवा डोळ्याला सहसा असतो त्यापेक्षा लहान भासतो, म्हणून एका नजरेत ‘पाचशे असतील’ म्हणू नका. मिश्र बदकं असतील तर आधी एकूण मोजा. मग तीन-चार ठिकाणी स्कोपमध्ये (तिवईवरच्या दुर्बिणीत) दिसणाऱ्या बदकांतली थापटे किती, तलवार बदकं किती, हे मोजून एकूण आकडा त्या प्रमाणात वाटा. भोवत्या या शिकारी पक्ष्याने घिरटी घातली आणि सगळं उठलं, तर बसेपर्यंत थांबा आणि पहिल्यापासून मोजा. घाई असेल त्याने थवे मोजूच नयेत. गटात यादी एकाने करावी आणि बाकीच्यांना शेअर करावी. मग विश्लेषणात ती एकदाच धरली जाते.

आता बारीकसारीक. अ‍ॅपचा चाललेलं अंतर नोंदवणारा ट्रॅक बंद करायला विसरून घरापर्यंत गाडीत नेलेली 31 किलोमीटरची यादी काही कामाची नाही. अंतर दुरुस्त करा. गेलात त्याच वाटेने परतलात तर अंतर एकदाच धरायचं. दिवसभराची एकच यादी नको, जागा बदलली की नवी करा. संध्याकाळी आठवून लिहिलेले आकडे नेहमी शून्यावर संपतात, तेव्हा जागेवरच लिहा.

आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन अ‍ॅपने नाव दाखवलं म्हणजे पक्षी ‘ऐकला’ असं नाही. जंगलात भृंगराज दुसऱ्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो, अ‍ॅपही फसतं. स्वतः ऐकून ओळख पटली तरच नोंद करा. लांबवरचा पाणकावळा लहान की भारतीय हे कळेना, तर ‘दोन्हींपैकी एक’ असा पर्याय यादीत असतो. तो वापरा, अंदाजपंचे नाव टाकू नका.

नोंदी तपासणाऱ्या परीक्षकाचा मेल आला तर रुसू नका. पक्ष्याचं वर्णन, अंतर, उजेड कुठून होता, एवढं कळवा.

आणि ‘आज काही मिळालं नाही’ म्हणून यादीच न टाकणारे बरेच असतात. पंधरा मिनिटं, सहा कावळे, दोन साळुंक्या, एक ढोकरी: हीसुद्धा टाका.