घरी बनवलेली यंत्रे आपल्यामागे कशी चालावीत

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक २०१२ साली बाजारात आला, पाठोपाठ ईएसपी८२६६ ही काही शे रुपयांत मिळणारी वाय-फाय चिप आली, आणि घरातली उपकरणे चालवणाऱ्या होम असिस्टंट, ईएसपीहोम, टास्मोटा यांसारख्या ओपन सोर्स (कोड सर्वांना खुला असलेल्या) प्रणाली विनामूल्य मिळू लागल्यावर कोकणातल्या अनेक हौशी मंडळींनी विहिरीवरचा पंप, आगरातले शिंपण, टाकीची पातळी आणि पडवीतले दिवे स्वतः लिहिलेल्या सूचनांवर चालवायला सुरुवात केली. या यंत्रांच्या मागे कोणतीही कंपनी नसते, तक्रार नोंदवायला फोन नंबर नसतो आणि दुरुस्तीला येणारा माणूसही नसतो; कोणती तार कुठे जाते, हे फक्त बनवणाऱ्याला ठाऊक असते. तो गेल्यावर घरच्यांना पाणी मिळावे, फोटो सापडावेत आणि नको असलेली यंत्रे निर्धास्तपणे बंद करता यावीत, यासाठी करायची तयारी येथे सांगितली आहे.

हा विषय घरात काढला की ‘शुभ बोल रे नाऱ्या’ असे ऐकावे लागते. त्यामुळे अनेक जण ‘मी चार दिवस मुंबईला गेलो तर’ अशी सुरुवात करतात. तीही चालेल, परंतु साठी ओलांडलेल्या माणसाने एकदा तरी सरळ शब्दांत ‘मी नसेन तेव्हा’ असे म्हणावे, असे माझे मत आहे. चार दिवसांच्या तयारीत माणूस परत येणार हे गृहीत असते, आणि त्या गृहीतकामुळे नेमक्या महत्त्वाच्या गोष्टी सांगायच्या राहून जातात.

प्रथम एक दोनशेपानी वही घ्यावी आणि घरातले प्रत्येक यंत्र तीत लिहावे. प्रत्येकापुढे ‘हे उद्या बंद पडले तर कोणाचे काय अडेल?’ या एकाच प्रश्नाचे उत्तर लिहीत गेले की यंत्रांचे आपोआप तीन गट पडतात: ज्यांच्यावाचून दिवस अडतो ती, ज्यांत घराच्या आठवणी आहेत ती, आणि जी केवळ आपल्या आनंदासाठी आहेत ती. सर्वाधिक कष्ट पहिल्या गटावर घ्यावे लागतात.

पहिल्या गटात आमच्या भागात पंप येतो. पोफळीला उन्हाळ्यात पाणी चुकवून चालत नाही, आणि पंप जर मोबाइलवरच्या एखाद्या बटणाने सुरू होत असेल, तर तो मोबाइल ज्याचा होता तो गेल्यावर आगर सुकू लागेपर्यंत फार दिवस लागत नाहीत. म्हणून स्टार्टरशेजारी तीन स्थानांचा सिलेक्टर स्विच बसवून घ्यावा: एका बाजूला ‘आपोआप’, मध्ये ‘बंद’, दुसऱ्या बाजूला ‘हाताने’. स्विच ‘हाताने’वर असताना संगणकाच्या सूचनेवर वीज जोडणारा-तोडणारा रिले, वाय-फाय आणि संगणक यांपैकी कशाचाही मोटरशी संबंध उरता कामा नये, हिरवे बटण दाबले की मोटर सुरू व्हावी आणि लाल दाबले की थांबावी. मोटर जळू नये म्हणून असलेला ओव्हरलोड रिले मात्र दोन्ही स्थितींत कामात राहिला पाहिजे. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे आणि ते पाहायला, आपल्यानंतर पंप जी व्यक्ती चालवणार आहे तिला, शेजारी उभे करावे.

समुद्रकाठच्या हवेत स्विच आणि रिले असलेली पेटी कशी टिकते, याकडेही लक्ष द्यावे. खाऱ्या हवेने तांब्याच्या तारांची टोके हिरवी पडतात, पावसाळ्यात मुंग्या रिलेच्या कोपऱ्यात अंडी नेऊन ठेवतात, आणि तार आत घेण्यासाठी पाडलेले भोक उघडे राहिले तर पाल आत शिरून दोन टोकांना चिकटते. म्हणून तार रबरी ग्लँडमधून, म्हणजे भोकात घट्ट बसणाऱ्या बुचातून, आत घ्यावी, तिला आत शिरण्यापूर्वी खाली झोळ द्यावा म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून ओघळत पेटीत जाणार नाही, आणि टोकांना लग्ज, म्हणजे धातूच्या टोप्या, दाबून बसवाव्यात. झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवू नये, कारण तो एका पावसाळ्यात सुटतो आणि त्यावरची शाई पसरते. ऑइलपेंटने ठळक मराठीत चार ओळी लिहाव्यात: स्विच कुठे फिरवायचा, मोटर किती वेळ चालवायची, विहिरीचे पाणी कोणत्या खुणेखाली गेले तर ती सुरू करायची नाही, आणि बिघाड झाल्यास वायरमनला कोणत्या नंबरवर बोलवायचे.

संपूर्ण व्यवस्था इंटरनेटवाचून चालते का, हेही पाहावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळले, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांना वीज आणि फोन यांची दीर्घकाळ वाट पाहावी लागली. होम असिस्टंट आणि ईएसपीहोम घरातल्या घरात चालू शकतात, हा त्यांचा मोठा गुण आहे. तो गमावून परदेशातल्या सर्व्हरवर अवलंबून राहू नये.

दुसऱ्या गटात फोटो, हिशेब, सातबाऱ्याचे स्कॅन आणि आजीच्या आवाजातल्या ओव्या येतात. या गोष्टी कोणीही उघडू शकेल अशा रूपात ठेवाव्यात: फोटो जेपेगमध्ये, कागदपत्रे पीडीएफमध्ये, ध्वनी मूळ दर्जा राखणाऱ्या फ्लॅकमध्ये आणि त्याची ऐकण्याची प्रत एमपी३मध्ये. ऑडॅसिटी या प्रणालीने ध्वनिमुद्रण करत असाल, तर केवळ तिची प्रकल्पफाइल ठेवून थांबू नये. फोल्डरना साधी नावे द्यावीत, म्हणजे ‘बॅकअप-अंतिम-नवा’ऐवजी ‘लग्ने’, ‘घर’, ‘आजीचा आवाज’. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी, हा नियम कोकणात कसोशीने पाळावा. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा एकाच खोलीत ठेवलेल्या दोन प्रतींचा उपयोग किती, हे साऱ्यांना दिसले.

डिस्क कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट केलेली असेल, तर तिचा परवलीचा शब्द आपल्याबरोबर गेल्यावर ती कोणत्याही दुकानात उघडून मिळत नाही आणि कोर्टाच्या आदेशानेही उघडत नाही. होम असिस्टंटच्या अलीकडच्या आवृत्त्यांत आपोआप घेतला जाणारा बॅकअपही असाच कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली वेगळी जपावी लागते. सर्व पासवर्ड कीपासएक्ससी या प्रणालीत एका फाइलमध्ये ठेवावेत, ती फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी आणि तिचा मुख्य शब्द कागदावर लिहून लखोटा बंद करून ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्या हवाली करावा. पेनड्राइव्ह आणि लखोटा एकाच कपाटात ठेवू नयेत. गूगल खात्यात निष्क्रियतेची व्यवस्था आहे. आपण ठरवू त्याप्रमाणे ३ ते १८ महिने खाते न वापरल्यास, आपण नेमलेल्या १० पर्यंत माणसांना त्यातली माहिती मिळते. ती व्यवस्था आजच भरून टाकावी. बँकेचे व्यवहार मात्र यात धरू नयेत. खातेदार गेल्यावर त्याच्या पासवर्डने पैसे काढणे योग्य नाही. तिथे खात्यांची यादी आणि वारसाची नोंद एवढेच द्यावे. मृत्युपत्रही कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही करूनच करावे, कारण संगणकातली फाइल त्याची जागा घेत नाही.

स्वतः लिहिलेला कोड इतरांना दिला असेल, तर त्यासोबत परवाना जोडला आहे का, हे पाहावे. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार संगणकाची प्रणाली ही साहित्यकृती मानली जाते आणि तिच्यावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. परवाना नसलेला कोड त्यामुळे अशा वारसांकडे जातो ज्यांना तो आपल्याकडे आला हेही कळत नाही, आणि दुसरा कोणी तो निःशंकपणे दुरुस्त करू शकत नाही. जीपीएल किंवा एमआयटी या, कोड इतरांना वापरू आणि बदलू देणाऱ्या तयार परवान्यांपैकी एकाची फाइल आणि आणखी एका माणसाला दिलेला प्रवेश एवढ्याने हा प्रश्न सुटतो. रास्पबेरी पायवर चालणारी प्रणाली ज्या डेबियन या लिनक्स संगणकप्रणालीवर उभी आहे, तिची सुरुवात इयान मरडॉक यांनी १९९३ साली केली. ते २०१५च्या डिसेंबरमध्ये वारले, डेबियनचे काम थांबले नाही, आणि २०१७ साली निघालेली नववी आवृत्ती त्यांच्या स्मृतीला अर्पण करण्यात आली. कोड लिहिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या व्हिम या संपादन-साधनाचे कर्ते ब्रॅम मूलेनार २०२३च्या ऑगस्टमध्ये गेल्यावर त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पुढे चालवले. या दोन्ही नावांनी मला खूप धीर दिला आहे. आपल्या पडवीत रोज चालणाऱ्या यंत्राचा पाया घालणारा माणूस हयात नाही आणि तरीही ते यंत्र चालते, हे मी वारंवार स्वतःला सांगतो.

तिसऱ्या गटाबद्दल लिहिणे सर्वांत जड जाते. हवामान मोजणारे केंद्र, जहाजांचे संदेश टिपणारा रेडिओ, रात्री जागून जुळवलेला छोटा सर्व्हर यांच्यावर आपला जीव असतो, म्हणून घरच्यांना ती बंद करणे पाप वाटते आणि ती वर्षानुवर्षे धूळ खात, वीज खात चालू राहतात. अशा प्रत्येक यंत्रापुढे स्वतःच्या हस्ताक्षरात ‘हे बंद करावे, याच्यामुळे कोणाचे काही अडत नाही आणि मला वाईट वाटणार नाही’ असे लिहून ठेवावे, आणि कोणाला द्यायचे असेल तर त्याचे नावही लिहावे. हे वाक्य लिहिताना आपला जीव कशात किती गुंतला आहे ते कळते. ते लिहून झाल्यावर मला त्या यंत्रांजवळ पूर्वीपेक्षा मोकळे वाटते.

तालमीसाठी गणपतीचे दिवस उत्तम, कारण तेव्हा चाकरमानी घरी असतात. त्यांच्यापैकी एकाच्या आणि घरात राहणाऱ्या व्यक्तीच्या हाती वही द्यावी, आपण दिवसभर देवळात किंवा शेजारी जाऊन बसावे आणि फोन बंद ठेवावा. त्यांनी स्विच ‘हाताने’वर नेऊन पाणी चढवावे, पेनड्राइव्हवरचा एक फोटो उघडावा आणि लखोट्यातल्या शब्दाने कीपासएक्ससी उघडून पाहावे. ज्या ओळीपाशी ते अडले ती ओळ आपण समजावून सांगू नये, त्यांच्याच शब्दांत नव्याने लिहून घ्यावी. मग मुख्य शब्द बदलून नवा लखोटा करावा, वहीवर तारीख घालावी आणि तिची झेरॉक्स परतीच्या गाडीने मुंबईच्या घरी पाठवावी.