जुन्या असेंबल्ड पीसीवर विंडोज 11 कसं न्यायचं आणि ते वेगात कसं चालवायचं

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि तेव्हापासून ओळखीतल्या कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, पीसी 11 वर न्यायचाय पण भीती वाटते, कोणीतरी सांगितलंय की स्लो होतो, कोणीतरी सांगितलंय की पीसीच नवीन घ्यावा लागतो. 11 आलं 5 ऑक्टोबर 2021 ला. चार वर्षं हातात होती तरी लोक हलले नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला बंद झाला, सेव्हनचा 14 जानेवारी 2020 ला, तेव्हाही दुकानांत आणि दवाखान्यांत जुनंच चालू होतं, पण तेव्हा ज्याला जायचं होतं तो जाऊ शकत होता. 11 ने पहिल्यांदाच दारात अडवलं. टीपीएम 2.0 (सिक्युरिटीच्या किल्ल्या जपणारी चिप) पाहिजे, सिक्युअर बूट (फक्त खात्रीचंच विंडोज चालू होऊ देणारी सोय) पाहिजे, इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा किंवा एएमडीचा रायझन 2000 पासूनचा प्रोसेसर पाहिजे. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे तपासणीचं टूल लावून बघितलं की चांगल्या नवव्या पिढीच्या आय5 वर सुद्धा लाल खूण येते आणि माणूस तिथंच नाद सोडतो. त्या लाल खुणेवर विश्वास ठेवून नवीन पीसी घेतलेली माणसं मला माहीत आहेत आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेकांच्या बोर्डावर सगळं होतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, बंद होतं.

हा लेख त्या लोकांसाठी आहे ज्यांनी 2018 ते 2021 च्या दरम्यान दुकानातून पीसी जुळवून घेतला. त्या काळातला लॅपटॉप असेल तर तो बहुतेक आधीच यूईएफआयवर (बायोसच्या नव्या पद्धतीवर) असतो, त्यांनी मधला मोठा भाग सोडून द्या. फक्त बायोसला हात लावायच्या आधी, डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शनची रिकव्हरी की, तो 48 अंकी आकडा, मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून बघून कागदावर लिहून ठेवा.

प्रोसेसर सातव्या पिढीचा किंवा त्याच्या आधीचा असेल तर माझं स्पष्ट मत, तपासणी चुकवून 11 टाकायच्या भानगडीत पडू नका. व्हिडिओत दाखवतात तसं ते बसतं, पण अशा पीसीला पुढचे अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, आणि कोअर 2 ड्युओसारख्या फार जुन्या मशिनवर तर 11 ची 24एच2 ही आवृत्ती चालूच होत नाही. ज्या पीसीवरून घरातलं बँकेचं काम होतं त्याच्यावर हे प्रयोग नकोत. विंडोज 10 च्या सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावर जादाच्या सिक्युरिटी अपडेटची सोय आहे, घरगुती पीसीसाठी ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत जाहीर झालेली आहे, ती घ्या, आणि त्यानंतरही तोच पीसी वापरायचा असेल तर लिनक्स मिंट टाका.

दुसरी तपासणी ऑफिसवाल्यांनी करायचीच. अजूनही बऱ्याच ठिकाणी 32 बिट विंडोज 10 असतं आणि 11 हे 32 बिटमध्ये येतच नाही, त्यामुळं तिथं वरच्यावर अपग्रेड होत नाही, कोरं इन्स्टॉलेशन करावं लागतं. डॉसच्या जमान्यातला 16 बिट हिशेबाचा प्रोग्रॅम 64 बिट विंडोजवर सरळ चालणार नाही. डीटीपीवाल्यांनी मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरच्या डोंगलचा ड्रायव्हर 11 साठी मिळतो का ते विकणाऱ्याला आधी विचारा, अपग्रेड झाल्यावर नाही. नुसतं युनिकोड टायपिंग असेल तर मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे, काही शोधायची गरज नाही.

बॅकअप घ्या. हे तुम्हाला माहीत आहे.

आता पहिलं खरं काम म्हणजे एसएसडी. पीसी अजून फिरत्या हार्ड डिस्कवर चालत असेल तर अपग्रेडचा विचारसुद्धा करू नका. "11 स्लो आहे" ही तक्रार ज्या ज्या घरात मी प्रत्यक्ष जाऊन बघितली तिथं टास्क मॅनेजरमध्ये डिस्क 100 टक्क्यांवर अडकलेली होती आणि प्रोसेसर निवांत बसलेला होता. फिरती डिस्क एका सेकंदात साधारण शंभर-दीडशे एमबी वाचते, साधी साटा एसएसडी पाचशेच्या आसपास, पण खरा फरक तिथंही नाही. विंडोज एका वेळी शेकडो बारक्या फाइली इकडून तिकडून मागतं आणि फिरत्या डिस्कचं डोकं प्रत्येक फाइलसाठी जागा बदलत हिंडतं, तिथं सगळा वेळ जातो. आठ जीबीची रॅम सोळा करण्याआधी एसएसडी घ्या.

एसएसडीवर नेताना पूर्ण डिस्क क्लोन (हुबेहूब नक्कल) करू नका, हे नीट वाचा कारण पुढची सगळी सोय यातच आहे. क्लोनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त सिस्टिम रिझर्व्हड (विंडोज सुरू करणारा छोटा भाग) आणि सी एवढेच भाग निवडा. डी, ई, एफ जुन्या डिस्कवर राहू द्यात. क्लोन झालं की पीसी बंद करा, जुन्या डिस्कची केबल काढा आणि एकट्या एसएसडीवर पीसी चालू करून बघा. चालला की जुनी डिस्क कपाटात ठेवा. आता तुमचा सगळा डेटा आणि चालू स्थितीतलं जुनं विंडोज तुमच्या हातात वेगळं आहे, पुढं काहीही चुकलं तरी केबल परत जोडायची आणि बायोसची सेटिंग पहिल्यासारखी करायची की तुम्ही होता तिथं.

आता तो टप्पा ज्याच्यावर लोक अडकतात आणि ज्याच्यावर मी स्वतः जबर आपटलो. स्टार्टमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा आणि बायोस मोड समोर काय लिहिलंय ते बघा. यूईएफआय असेल तर पुढं जा. लीगसी, म्हणजे बायोसची जुनी पद्धत, असेल, आणि जुळवून घेतलेल्या पीसीत ते फार वेळा लीगसीच असतं कारण दुकानदार जुन्या सवयीनं तसंच टाकून द्यायचे, तर तुमची डिस्क एमबीआर या जुन्या विभागणीच्या पद्धतीची आहे आणि सिक्युअर बूट त्याच्यावर चालूच होणार नाही. ती आधी जीपीटी या नव्या पद्धतीची करायची, आणि मगच बायोस बदलायचा. हा क्रम उलटा करू नका. कितीतरी व्हिडिओत माणूस पहिल्यांदा बायोसमध्ये जाऊन सीएसएम (लीगसी पद्धत चालवणारी सोय) बंद करतो आणि सिक्युअर बूट चालू करतो, त्याची डिस्क आधीच जीपीटी असते म्हणून त्याचं जमतं, आणि बघणाऱ्याचा पीसी मेल्यासारखा होतो.

2022 मध्ये मेव्हण्याच्या पीसीवर मी नेमकं हेच केलं. सीएसएम बंद केलं, सेव्ह केलं, आणि पीसी विंडोजऐवजी पुन्हा पुन्हा बायोसमध्येच यायला लागला, यादीत बूट करायला डिस्कच नाही. मी घाबरलो, घरातले सगळे मागं उभे. जवळच्या दुकानात नेला, त्यांनी बघून सांगितलं डिस्क गेली, फॉरमॅट मारावा लागेल, आणि मी हो म्हणालो. ई ड्राइव्हवर भाचीच्या पहिल्या पाच वर्षांचे फोटो होते, ते गेले. डिस्कला काहीही झालेलं नव्हतं. सीएसएम परत चालू केलं असतं तर पीसी दोन मिनिटांत पहिल्यासारखा उघडला असता. म्हणून परत सांगतो, बायोसमधला बदल केल्यावर विंडोज दिसेनासं झालं तर डेटा जिथल्या तिथं असतो, तुम्ही केलेला शेवटचा बदल मागं घ्या आणि कोणालाही फॉरमॅट मारू देऊ नका.

बरोबर पद्धत अशी. कमांड प्रॉम्प्ट रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करून उघडा. कमांड मी फोनवर सांगतो तशीच सांगतो, इंग्रजी अक्षरांत टाइप करा: एम, बी, आर, मग आकडा 2, मग जी, पी, टी, सगळं जोडून. एक जागा सोडा, प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरकी रेघ द्या आणि तिला चिकटून व्हॅलिडेट. परत जागा, परत तिरकी रेघ, आणि अलाउ, फुल, ओएस हे तीन शब्द एकमेकांना जोडून. यानं काहीच बदलत नाही, फक्त जमेल की नाही ते कळतं. व्हॅलिडेशन यशस्वी असं आलं की तीच कमांड व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट लिहून द्या. मिनिटाभराच्या आत काम होतं, डेटा जागेवर राहतो. बिटलॉकर चालू असेल तर त्याआधी सस्पेंड करा.

डिस्क लेआउट व्हॅलिडेशन फेल असं आलं तर जवळपास नेहमी एकच कारण असतं. हे टूल जास्तीत जास्त तीन प्रायमरी भाग चालवून घेतं आणि एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल भाग असला की नकार देतं. आणि आपल्याकडं दुकानातून पीसी आला की सी, डी, ई, एफ असे चार तुकडे पाडलेले असायचेच, ते डी, ई, एफ म्हणजे लॉजिकल. त्यासाठीच मी वर फक्त सी क्लोन करायला सांगितलं, नव्या एसएसडीवर हे तुकडे नाहीतच त्यामुळं पहिल्या फटक्यात पास होतं. हे समजायला मला चार-पाच पीसी लागले, तोपर्यंत मी प्रत्येक वेळी डी-ई चा डेटा बाहेर काढून, ते भाग उडवून, मग कन्व्हर्ट करत बसायचो.

कन्व्हर्टच्या शेवटी रीएजंट नावाची फाइल अपडेट झाली नाही अशी एक ओळ कधीकधी येते. त्याला घाबरू नका. ते रिकव्हरीच्या सोयीबद्दल आहे, डिस्क जीपीटी झालेली असते.

आता रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, डिलीट किंवा एफ2 दाबत राहा, कारण आता लीगसीत हे विंडोज उघडणार नाही. सीएसएम बंद, बूटच्या यादीत विंडोज बूट मॅनेजर सगळ्यात वर, सेव्ह, आणि विंडोज उघडतंय का ते बघा. स्क्रीन काळी राहिली आणि ग्राफिक्स कार्ड बरंच जुनं असेल तर ते कार्ड यूईएफआय ओळखत नसेल, मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावून बघा. विंडोज उघडलं की दुसऱ्या फेरीत सिक्युअर बूट चालू करा, काही बोर्डांवर त्यासाठी फॅक्टरी की परत भरायचा पर्याय आधी निवडावा लागतो, आणि तिसऱ्या फेरीत टीपीएम, म्हणजे इंटेल असेल तर पीटीटी, एएमडी असेल तर एफटीपीएम चालू करा. एका फेरीत एकच बदल करा, म्हणजे बिघडलं तर कशानं बिघडलं ते कळतं. हेल्थ चेक परत लावा, हिरवं यायला पाहिजे.

इन्स्टॉलेशन असिस्टंट मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून घ्या आणि चालवा, तेवढंच. सीवर तीस-चाळीस जीबी मोकळी ठेवा आणि यूपीएस नसेल तर लाईट जायच्या वेळेला सुरू करू नका.

झाल्यावर पहिले दोन दिवस पीसी जड वाटतो. मागं इंडेक्सिंग चालू असतं, विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस डिफेंडर सगळं तपासतो, ड्रायव्हर उतरतात. रात्रभर चालू ठेवा आणि दोन दिवस कसलंही मत बनवू नका. मग टास्क मॅनेजरमधून स्टार्टअप ॲप्स बंद करा, प्रिंटरचा मदतनीस, मीटिंगचं ॲप, गेमचं लाँचर, यातलं काहीही पीसीबरोबर उठायची गरज नाही, अँटीव्हायरस आणि टचपॅड-साउंडचे ड्रायव्हर सोडून. दुसरा अँटीव्हायरस टाकू नका, डिफेंडर पुरतो. ट्रान्स्परन्सी इफेक्ट बंद केले तर ऑनबोर्ड ग्राफिक्सवर थोडं हलकं वाटतं. आठ जीबीची एकच रॅमची पट्टी असेल तर तशीच दुसरी शेजारी लावा, दोन पट्ट्या एकत्र काम करतात तेव्हा ऑनबोर्ड ग्राफिक्सला त्याचा जास्त फायदा मिळतो. रजिस्ट्री क्लीनर, वन क्लिक बूस्टर असलं काहीही घेऊ नका, त्यांनी वेग वाढलेला मी एकदाही पाहिलेला नाही आणि अपडेट बिघडलेले मात्र पाहिलेत. मेमरी इंटिग्रिटी (विंडोजची एक सुरक्षेची सोय) बंद करा असा सल्ला सगळीकडं देतात, गेम खेळणाऱ्यांना थोडा फरक पडतो हे खरं, पण बँकेचं काम होणाऱ्या घरच्या पीसीवर ती चालूच ठेवा.

डिस्क क्लीनअपनं जुनं विंडोज उडवायची घाई करू नका, ते फोल्डर आहे तोपर्यंत दहा दिवस 10 वर परत जाता येतं. त्या दहा दिवसांत प्रिंटर, स्कॅनर, जीएसटीचं सॉफ्टवेअर, डिजिटल सिग्नेचरचं टोकन, सगळं एकेकदा वापरून बघा. सगळं चाललं की पीसी बंद करून कपाटातली डिस्क जोडा, डी आणि ई तुमच्या फाइलींसकट दिसतील, अक्षरं बदललेली असली तर डिस्क मॅनेजमेंटमधून नीट करून घ्या. त्या डिस्कवरचं जुनं सी मोकळं करायचं असेल तर डिस्कचा नंबर आणि साईज दोनदा बघा, आणि मगच फॉरमॅट दाबा.