बाळाच्या तपासणीला जाताना

नागपुरात धंतोलीच्या खासगी दवाखान्यात जा की डागा, मेयो या सरकारी दवाखान्यांच्या ओपीडीत, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची फेरी साधारण सारखीच असते. आधी वजन, मग लांबी आणि डोक्याचा घेर. वजन उघड्या अंगानं करतात, म्हणून समोरून सुटणारं झबलं घाला. हौसेचा फ्रॉक घरीच बरा.

एका वेळच्या आकड्यावरून घाबरू नका, डॉक्टर वाढीची रेघ बघतात. साधारण पाचव्या महिन्यात जन्माचं वजन दुप्पट होतं, वर्षात तिप्पट. शेजारच्या गुटगुटीत पोट्ट्याशी तुलना कशाला? डॉक्टर विचारतील, बाळ नजर फिरवतं का, मान धरतं का, दिवसातून शू किती वेळा. हे आठवून ठेवा.

मग लस. पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरची एकच लस, मांडीत; पोलिओ आणि जुलाबावरची रोटा तोंडावाटे. नंतर अर्धा तास तिथंच थांबा. ताप येऊ शकतो. पॅरासिटामॉलचा डोस वजनावरून ठरतो, तो लिहूनच घ्या. टोचलेली जागा चोळू नका. जन्माच्या वेळच्या बीसीजीची, म्हणजे क्षयाच्या लसीची, दंडावर काही आठवड्यांनी पुळी येते, थोडा पू येतो. आजी हळद लावायला धावते! काही लावायचं नाही, आपोआप सुकते.

मे महिन्यात सकाळची वेळ घ्या. आणि ऊन पंचेचाळीसला टेकलं तरी सहा महिन्यांखालच्या बाळाला पाणी नाही, दूधच जास्त वेळा पाजा. लसीकरणाचं कार्ड विसरू नका.